दुबई की जर्मनी? आधी घराची बैठक

चुलीपाशी रेडिओ लावून बसलेल्या काकी, मावशी आणि वाटेनं मोबाइलवर ऐकणाऱ्या वहिनी, सगळ्यांना आमच्या बचत गटांतर्फे नमस्कार आणि सलाम.

आज विषय कर्जाचा आहे. म्हशीच्या नाही, शिलाई मशीनच्याही नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एक सून उभी राहिली आणि म्हणाली, "मला दोन लाख हवेत. आम्ही घरदार घेऊन परदेशी जायचं म्हणतोय."

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. ही ताई नर्सिंगची पदवी घेतलेली, तालुक्याच्या खासगी दवाखान्यात सहा वर्षं काम केलेली. नवऱ्याचा स्वतःचा टेम्पो. मुलगी पाचवीत, मुलगा अंगणवाडीत. घरी सासूबाई, त्यांना शुगर. दुबईच्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं होतं. दुसरीकडे जर्मनीला नर्स हव्यात म्हणून भाषेचे वर्ग सुरू झालेले. नवरा म्हणत होता दुबई, ही म्हणत होती जर्मनी. त्यावरून घरात दोन महिने धुसफूस.

आमच्यात एकीनंही विमान आतून पाहिलेलं नाही. पण आपल्या खेड-चिपळूण पट्ट्याला आखात नवीन नाही. कित्येक घरांचे स्लॅब तिकडच्या पैशावर पडलेत. म्हणून आम्ही ठरवलं, कर्ज द्यायचं की नाही ते नंतर, आधी नीट समजून घेऊ.

पहिल्या बैठकीत सगळ्या पगारावरच बोलल्या. शेवटी मोहल्ल्यातल्या खाला बोलल्या. त्यांचे पती आखातात बावीस वर्षं होते. "पैसा वेळेवर आला," त्या म्हणाल्या, "पण नोकरी संपली तसा परवाना संपला आणि माणूस परत आला. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं, म्हणून घर बांधून ठेवलं. तुम्हाला परत यायचंय की तिकडंच राहायचंय, ते आधी ठरवा. देश मग आपोआप ठरेल."

हे ऐकून आम्ही दुसऱ्या बैठकीला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले. डावीकडे देशाऐवजी घरातल्या माणसांची नावं लिहिली. प्रत्येकाचं तिकडं काय होणार, हे त्या ताईनं विचारून आणलं आणि आम्ही भरलं.

आधी तिचं स्वतःचं. दुबईत परवान्याची परीक्षा इंग्रजीतून, जायला वेळ कमी, मुंबईहून विमानानं साधारण तीन तास. पगारावर आयकर नाही. नोकरी सुटताना दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पाच वर्षांनंतरच्या वर्षांना ३० दिवसांचा, असा कायदा आहे. पण राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आणि ठरावीक वर्षांनी नवा करायचा. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. म्हणजे घरकाम, ड्युटी सांभाळून वर्ष-दीड वर्ष अभ्यास. मान्यता मिळेपर्यंत पगार कमी. पुढे पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून जातं. पण कुशल कामगाराला तीन वर्षांनी, अटी पूर्ण केल्या तर, कायमचा परवाना मागता येतो.

मग नवऱ्याचं. दुबईत पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय असेल, तर कुटुंब नेता येतं. नवरा तिच्या व्हिसावर राहील, पण काम करायचं तर त्याला वेगळा परवाना काढावा लागेल. जर्मनीत कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला काम करायची मुभा असते, पण भाषा आल्याशिवाय काम कोण देणार? आणि घरच्यांना बोलवायच्या आधी पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणजे ती आधी जाणार, बाकीचे मागून.

मग मुलं. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, पण खासगी, फी भरायची. तिला ५,००० दिरहम सांगितले होते. दोघांची फी आणि खोलीभाडं वजा केलं, तर हाती फारसं उरत नव्हतं. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, प्रत्येक मुलामागे सरकार महिन्याला अडीचशे युरोंहून थोडी जास्त रक्कम देतं, आणि कमाई नसलेला जोडीदार व मुलं तिच्याच सरकारी आरोग्य विम्यात येतात. पण शाळा जर्मन भाषेत. धाकटा शिकेल पटकन. पाचवीतल्या मुलीला मात्र जड जाणार, हेही आम्ही लिहिलं.

सासूबाईंचा रकाना दोन्हीकडे रिकामा राहिला. आई-वडिलांना कायमचं नेणं दोन्ही देशांत खर्चाचं आणि अटींचं आहे.

म्हणून तिसऱ्या बैठकीला त्या माउलींनाच बोलावलं. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबू नका. पण दोन महिने घरात भांडताय, मला एकदाही विचारलं नाहीत." सूनबाई रडल्या. नवरा दारात उभा होता, तोही आत येऊन बसला. मग त्यानं खरं सांगितलं. त्याला दुबई हवी होती, कारण तिकडं गावची पोरं आहेत, हिंदी चालते. जर्मनीत बायको कमावणार आणि आपण मुक्यासारखे बसणार, ही भीती. भीती खोटी नव्हती. पण ती बोलून दाखवल्यावर त्यावर काही करता येतं.

त्या संध्याकाळी घरानं ठरवलं, मुलांचं शिक्षण तिकडंच पुरं करायचं, परतायची घाई नाही. मग जर्मनी. सासूबाई चिपळूणला लेकीकडे राहतील, टेम्पो विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा.

आम्ही दोन लाख दिले नाहीत. भाषेचा वर्ग आणि परीक्षेसाठी साठ हजार दिले, तेही दोन टप्प्यांत. पहिला टप्पा पास झाली की दुसरा. बी-वन पास झाली. बी-टूमध्ये लेखी भागात एकदा अडकली, आता पुन्हा बसतेय. नवरा गिऱ्हाइकाची वाट बघताना तिच्याच वहीतले शब्द पाठ करतो. पुढं काय होईल ते आज सांगता येणार नाही. हप्ता मात्र चुकलेला नाही.

याच गावातलं दुसरं एक जोडपं दुबईला गेलं आणि तेही बरोबरच केलं. दोघंही कमावते, मूल लहान, आजीपाशी. त्यांना सहा वर्षांत घर बांधून परत यायचंय. त्यांच्यासाठी जर्मनीची दोन वर्षं फुकट गेली असती. शेजारणीचा देश आपला होईलच असं नाही.

आता काही गोष्टी लक्षात ठेवा. या ताईला एक दलाल तीन लाख मागत होता. म्हणे, व्हिजिट व्हिसावर चला, तिथं बदलून देतो. तिथं फसलात तर ना नोकरी, ना परवाना. आपल्याकडं नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घ्यायची परवानगी आहे, पावतीसह. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. आखातात नोकरीला जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून सरकारची परवानगी घ्यावी लागते, पासपोर्ट कसाही असो. दुबईत मालकानं पासपोर्ट काढून ठेवणं कायद्यानं मना आहे.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केली आहे का, बघा. या ताईची नव्हती, तीन महिने त्यात गेले. मुलांच्या जन्मदाखल्यावर आणि तुमच्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच हवं.

आणि जमीन. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी हे आधी घरात बोलून घ्यावं.

तुमच्या गटात असं कुणी जाणार असेल तर तिला पगार विचारण्याआधी एक कॅलेंडर उलटं करून द्या. घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला सांगा. आजीचंही लिहा, आणि रकाना भरण्याआधी तिला विचारा.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.