फाटक आपोआप मिटतं का?
ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात ३० सेंटिमीटरहून खोल पाणी मावणाऱ्या घरगुती पोहण्याच्या तलावाला कुंपण लागतंच. १९९२चा कायदा आहे तसा. कुंपणाची उंची किमान १.२ मीटर. पण खरी परीक्षा फाटकाची! ते तलावाच्या उलट दिशेला उघडलं पाहिजे आणि कुठल्याही स्थितीतून सोडलं तरी आपोआप मिटून कडी बसली पाहिजे. बिजागरी सैल पडली की ते अर्धवट उघडं राहतं, आणि दोन वर्षांच्या पोराला तेवढी फट पुरते. कुंपणालगतची कुंडी, खुर्चीही आधी हलवा. मुलं त्यावर चढतात. तलाव असलेलं घर भाड्यानं देताना तलावाचं पूर्तता प्रमाणपत्र लागतं, ते तीन वर्षं चालतं. सिडनीत घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी कडी मात्र दर आठवड्याला स्वतः तपासावी.