संदर्भाची वाट



आजच्या विषयाचे नाव थोडे रुक्ष आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून विश्वसनीय आधार कसे शोधावेत आणि त्या कामी वडीलधाऱ्यांनी त्याला कोणते साहाय्य करावे, हा तो विषय. परंतु ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही, अशी आशा आहे.

अकरावी-बारावीतला एखादा मुलगा ग्रंथपालापुढे येतो आणि विचारतो, "सर, दुष्काळावर काही आहे का?" ग्रंथपाल जाणता असेल तर लगेच पुस्तक काढून देत नाही. तो म्हणतो, "कोणता दुष्काळ, बाळ? कोठला? आणि त्यातले नेमके काय पाहायचे आहे?" दोनचार प्रश्नोत्तरे झाली म्हणजे कळते, की १८७६-७७ च्या दख्खनच्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराला रोज काय मिळत होते, हे त्याला हवे आहे. प्रश्न असा नेमका झाला, की निम्मे काम झाले.

आता पुढची वाट. प्रथम कोश पाहावा. मराठी विश्वकोश आज संगणकावरही विनामूल्य वाचता येतो. तेथे विषयाची ओळख होते; पण तेथे मुक्काम करावयाचा नाही. मग ग्रंथालयाची तालिका. येथे मुले अडखळतात. 'दुष्काळ' आणि 'पुणे' हे शब्द घालून काहीच निघत नाही, तेव्हा "पुस्तकच नाही" असे म्हणून ती परततात. त्या काळचे कागद इंग्रजीत. त्यांत 'फॅमिन', 'पूना', 'डेक्कन' हे शब्द आहेत. एवढे कोणी सांगितले, की १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर हाती येते. पुढे चांगल्या ग्रंथाच्या तळटिपा पाहाव्यात. एकेक तळटीप म्हणजे दुसऱ्या ग्रंथाचा पत्ताच होय. विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात कोणालाही पाहता येतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या एका योजनेने हजारो संशोधन-नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. भांडार मोठे आहे. वाटाड्या मात्र हवा.

या खटाटोपाचे फळ काय? त्या मुलाला कळते, की १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे मान एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतके खाली आणले. सरकारी लेखांत ती काटकसर आहे. परंतु १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत मिळवून सरकारला कळविली, ती वाचली म्हणजे त्याच आकड्यापाठीमागे उपाशी माणसे दिसू लागतात. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, मद्रासेत डॉक्टर कॉर्निश यांनी हे मान अपुरे ठरविले. एक पौंड हा आकडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात येईल. त्या आकड्यावरचा वाद मात्र दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्याखेरीज दिसत नाही.

आज यास एक नवी निकड आली आहे. मोबाईलवर प्रश्न टाकला, की यंत्र क्षणात सुबक निबंध लिहून देते आणि मागितल्यास संदर्भांची यादीही देते. ग्रंथकाराचे नाव, साल, पृष्ठांक, सारे व्यवस्थित. आणि कधी कधी तो ग्रंथ कोणी लिहिलेलाच नसतो! यंत्र वापरू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण ती यादी घेऊन मुलाने तालिकेपाशी जावे, ग्रंथ आहे का ते पाहावे आणि ते पान स्वतः उघडावे. ही सवय ज्याला लागली नाही, तो पुढे वर्तमानपत्र, पुढाऱ्याचे भाषण आणि औषधाची जाहिरात यांवर तसाच विश्वास टाकील.

डॉक्टर रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाचविणे हा त्यांतला एक. त्याचा अर्थ वाचकासाठी आपणच विचार करावा, असा नव्हे. वाट दाखवावी, चालणे त्याचे त्यानेच करावे.

शेवटी श्रोत्यांस दोन विनंत्या. विद्यापीठाची ग्रंथालये बहुधा त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी असतात. तेथे कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलांना, शिक्षक बरोबर असताना, आठवड्यातून एखादी दुपार बसू द्यावे, अशी मागणी गावाने करावी. ती मागणी मोठ्या खर्चाची नाही. दुसरी विनंती घरातलीच. मुलगा किंवा मुलगी निबंध वाचून दाखवील, तेव्हा "छान लिहिलेस" म्हणाच, पण त्यापाठोपाठ "हे कोठून घेतलेस?" असेही विचारा. हा प्रश्न संशयाने नव्हे, कौतुकाने विचारता येतो. उत्तर देता आले नाही, तर रागावू नका. त्याला ग्रंथालयापर्यंत पोहोचवा.