तळ्याकांठचें विद्यापीठ आणि दगडी कोळसा

सन १८४२ च्या नोव्हेंबर महिन्यांत एडवर्ड सोरिन नांवाचा एक फ्रेंच धर्मगुरु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानाच्या उत्तर भागांत, रानांतील एका ओसाड जागीं येऊन पोंचला. त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें. बरोबर होली क्रॉस पंथाचे कांहीं बंधु, गांठीस द्रव्य बेताचें, आणि सभोंवतीं जिकडेतिकडे बर्फ. त्या जागीं वस्तुतः तळीं दोन होतीं; परंतु गोठलेल्या पाण्यावर आणि मधल्या दलदलीवर बर्फ सारखेंच पसरल्यामुळें तीं एकच भासलीं, असें सांगतात. सोरिननें आपल्या पाठशाळेस जें नांव दिलें त्यांत म्हणून तळें एकवचनीच राहिलें. 'नोत्र दाम द्यु लाक', म्हणजे तळ्यावरची आपली माउली, असें तें फ्रेंच नांव. पुढें बोलतांना त्यांतील तळें गळालें, फ्रेंच उच्चार जाऊन अमेरिकन उच्चार आला, आणि 'नोटर डेम' ह्या नांवानें तें विद्यापीठ प्रसिद्धीस आलें.

तळें नांवांतून गळालें तरी इमारतींतून गळालें नाहीं. तळ्याच्या कांठीं चुनखडीचा चिकण चिखल सांपडे. त्याच्या विटा पाडून भाजल्या म्हणजे त्यांना एक पिंवळसर रंग चढे, आणि त्याच विटांनीं जुन्या इमारतींच्या भिंती उठल्या आहेत. २३ एप्रिल १८७९ रोजीं मुख्य इमारतीस आग लागली व ती जळून गेली. तरी त्याच वर्षीं उन्हाळ्याची सुटी संपून वर्ग भरावयाच्या वेळीं नवी इमारत उभी होती. गवंड्यांनीं व बंधूंनीं किती घाम गाळला असेल ह्याची कल्पनाच करावी. ज्या संस्थेचें शरीर असें तेथल्याच मातीचें आहे, ती माती, तें पाणी आणि तेथली हवा ह्यांच्याशीं तिनें पुढें कसा व्यवहार केला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्या प्रांतीं हिवाळा फार कडक. मिशिगन सरोवरावरून येणारे वारे बर्फाचे ढीग आणून टाकतात. हजारों विद्यार्थी जेथें राहतात तेथें खोल्या गरम ठेवणें ही चैन नव्हे, ती प्राणाची गरज होय. ह्यासाठीं विद्यापीठानें आपल्या आवारांतच एक मोठें भट्टीघर चालविलें. तेथें पाण्याची वाफ करावयाची, ती जमिनीखालच्या नळांवाटें वसतिगृहें, वर्ग व प्रयोगशाळा ह्यांत खेळवावयाची, आणि त्याच वाफेवर विजेचीं यंत्रेंही फिरवावयाचीं, अशी ती योजना. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ती काटकसरीचीच म्हटली पाहिजे, कारण वीज निर्माण करतांना जी उष्णता एरव्हीं वायां जाते ती येथें उपयोगास येते. दोष यंत्रांत नव्हता. तो भट्टींत पडणाऱ्या इंधनांत होता. तें इंधन पिढ्यान् पिढ्या मुख्यतः दगडी कोळसा हेंच होतें. प्रार्थनामंदिराच्या शिखराबरोबर भट्टीघराचें धुराडेंही त्या आवारांत उभें होतें, आणि एकीकडे सृष्टीच्या कर्त्याची स्तुति चालली असतां दुसरीकडे त्याच सृष्टीच्या आकाशांत कर्बवायु सोडला जात होता. ह्यांत विसंगति आहे, हें कोणाच्या फारसें लक्षांत आलें नव्हतें. आपल्याकडील देवस्थानांच्या नदीकांठीं काय चालतें तें पाहिलें म्हणजे त्याचें आश्चर्यही वाटत नाहीं.

ही विसंगति स्पष्टपणें पुढें मांडली गेली ती सन २०१५ मध्यें. त्या वर्षीं १८ जून रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांचें 'लाउदातो सी' नांवाचें धर्मपत्र प्रसिद्ध झालें. 'तुझी स्तुति असो' असा त्या शब्दांचा अर्थ. ते असीसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रांतून घेतलेले आहेत. सूर्य, चंद्र, वारा व पाणी ह्यांना भाऊबहिणी म्हणून हांक मारणारा तो संत आपल्या वाचकांस परका वाटूं नये. वृक्षवेलींना सोयरे मानणाऱ्या संतांच्या देशांत त्याची भाषा सहज कळते. परंतु पोपचें पत्र केवळ भक्तिपर नाहीं. तें कॅथलिकांनाच नव्हे, तर पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसास उद्देशून लिहिलें आहे. सृष्टीची हानि आणि गरिबांची हलाखी हीं दोन संकटें नसून एकाच संकटाचीं दोन अंगें होत, हा त्यांतील मुख्य सिद्धान्त. ज्यांनीं धूर केला ते एक आणि पूर व दुष्काळ सोसणारे दुसरेच, ही गोष्ट त्यांत पुनःपुन्हां येते. आणि धर्मपत्रांत सहसा न आढळणारी अशी एक अगदीं व्यावहारिक सूचनाही त्यांत आहे. कोळसा, तेल व वायु ह्या इंधनांची, त्यांतही विशेषतः कोळशाची, जागा विलंब न लावतां क्रमाक्रमानें दुसऱ्या साधनांनीं घेतली पाहिजे. तीं साधनें सर्वांच्या आवांक्यांत येईतों दोन वाइटांपैकीं कमी वाईट तें पत्करण्यास हरकत नाहीं, अशा अर्थाचें तें विधान आहे.

ह्या शेवटच्या सवलतीचें पुढें काय झालें तें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत नोटर डेमचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स ह्यांनीं जाहीर केलें कीं, पांच वर्षांच्या आंत विद्यापीठ कोळसा जाळणें बंद करील. संस्थांच्या घोषणा व त्यांची पूर्तता ह्यांत किती अंतर असतें, हें सर्वांस माहीत आहे. येथें मात्र मुदतीच्या सुमारें एक वर्ष आधींच, १४ ऑक्टोबर २०१९ रोजीं, कोळसा कायमचा बंद झाला.

त्याच्या जागीं काय आलें? पहिली गोष्ट जमिनीची ऊब. आपल्या खेड्यांतील जुन्या विहिरीचें पाणी पौष महिन्यांत पहांटे कोमट व वैशाखांत गार कां लागतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास हें शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाहीं. वरची हवा कितीही तापो वा गोठो, कांहीं हात खालीं जमिनीचें उष्णमान जवळजवळ सारखेंच असतें. म्हणून जमिनींत खोल भोंकें पाडून त्यांत नळ्या सोडावयाच्या आणि त्यांतून पाणी फिरवीत ठेवावयाचें. हिवाळ्यांत तें पाणी जमिनीची ऊब वर घेऊन येतें व पंपाच्या साहाय्यानें ती ऊब इमारतींत सोडली जाते. उन्हाळ्यांत हाच क्रम उलटा चालतो, आणि इमारतींतील उष्णता जमिनीच्या पोटांत जाऊन मुरते. पंपास वीज लागते हें खरें, पण जितकी लागते तिच्या कितीतरी पटीनें उष्णता हातीं येते. सर्व नळ्या एकदां पुरल्या कीं वर पुन्हां गवत उगवतें. नोटर डेमनें आपल्या आवारांत अशीं अनेक क्षेत्रें तयार केलीं.

दुसरी गोष्ट नदीची. विद्यापीठाच्या शेजारीं साउथ बेंड नांवाचें शहर आहे. सेंट जोसेफ नदी तेथें एक मोठें वळण घेऊन उत्तरेस मिशिगन सरोवराकडे जाते. ह्या वळणावरूनच शहराचें नांव पडलें. शहरांत नदीवर एक जुना बांध होता, आणि एकेकाळीं त्याच्याच पाण्यावर तेथले कारखाने चालत. ह्याच बांधाशीं विद्यापीठानें जलविद्युत्केंद्र बांधलें. तें २०२२ सालीं सुरू झालें. केंद्राचा बहुतेक भाग जमिनीखालीं असून वर सार्वजनिक बाग आहे. त्याची शक्ति अडीच मेगावॅट असून विद्यापीठास लागणाऱ्या विजेपैकीं सुमारें ७ टक्के वीज तेथून मिळावी असा हिशेब आहे. सात टक्के ऐकून कोणी नाक मुरडील. पण नवीन धरण न बांधतां, एकही गांव न उठवितां मिळालेले हे सात टक्के आहेत. धरणांखालीं गेलेल्या गांवांची आठवण ज्या प्रांतांत ताजी आहे, तेथें त्यांची किंमत कळावयास हवी.

तिसरी गोष्ट सांगतांना मात्र स्वर थोडा खालीं आणावा लागतो. कोळशाची जागा बऱ्याच अंशीं नैसर्गिक वायूनें घेतली. तोही भूगर्भांतूनच येतो व जळतांना कर्बवायु सोडतो. तेवढ्याच उष्णतेसाठीं कोळशाच्या मानानें तो जवळजवळ निम्मा सोडतो, राखही करीत नाहीं. पण विहिरींतून व नळांतून तो गळाला तर हवा तापविण्याचें त्याचें सामर्थ्य मोठें आहे. कमी वाईट पत्करण्याची जी सवलत धर्मपत्रानें दिली ती येथें घेतली गेली, असें म्हणतां येईल. सवलत घेणाऱ्यानें तिची मुदतही सांगितली पाहिजे, असें टीकाकार म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोडून काढणें सोपें नाहीं.

ह्याहून अवघड प्रश्न पैशाचा आहे. अमेरिकेंतील मोठीं विद्यापीठें केवळ फीवर चालत नाहींत. माजी विद्यार्थ्यांच्या व दात्यांच्या देणग्यांची मोठी गंगाजळी त्यांच्याजवळ असते. ती रोख्यांत व कंपन्यांच्या भागांत गुंतविलेली असते, आणि तिच्या उत्पन्नांतून शिष्यवृत्त्या व पगार निघतात. आतां आपल्या आवारांतील भट्टी विझविली, पण गंगाजळी मात्र दुसऱ्याच्या खाणींत व तेलविहिरींत गुंतलेली राहिली, तर काय साधलें? हा प्रश्न धर्मपत्राची वाट न पाहतां ओहायो संस्थानांतील डेटन विद्यापीठानें स्वतःस विचारला. १८५० सालीं मारियानिस्ट पंथानें स्थापिलेल्या ह्या विद्यापीठानें जून २०१४ मध्यें, म्हणजे पोपच्या पत्राच्या एक वर्ष आधीं, सुमारें ६७ कोटी डॉलरांच्या आपल्या निधींतून कोळसा, तेल व वायु ह्यांच्या कंपन्यांतील गुंतवणूक काढून घेण्याचें ठरविलें. नोटर डेमच्या २०१५ च्या घोषणेंत असें वचन नव्हतें.

गुंतवणूक काढूं नये असें म्हणणारे कांहीं दुष्ट लोक नव्हेत. त्यांचें म्हणणें असें कीं, आपण भाग विकले तर ते दुसरा कोणी घेईल. कंपनीचें एक टनही उत्पादन कमी होणार नाहीं, आणि भागीदार ह्या नात्यानें सभेंत बोलण्याचा हक्क मात्र जाईल. शिवाय उत्पन्न घटलें तर पहिली झळ लागेल ती गरीब विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीस. ह्यावर उत्तर एवढेंच कीं, सावकारी पापाची आहे असें शिकविणाऱ्या शाळेनें स्वतः सावकारी करावी कीं नाहीं, हा हिशेबाचा प्रश्न नाहीं.

वॉशिंग्टन नगरींतील जॉर्जटाउन विद्यापीठास हा पेंच दोन्ही बाजूंनीं सोसावा लागला. १७८९ सालीं स्थापन झालेलें हें अमेरिकेंतील सर्वांत जुनें कॅथलिक विद्यापीठ. तें जेसुइट पंथाचें आहे. ह्याच पंथानें १८६९ सालीं मुंबईस सेंट झेवियर कॉलेज काढलें, आणि तेथें फादर ब्लॅटर ह्यांच्या नांवाचा जो वनस्पतिसंग्रह आहे तो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. जॉर्जटाउननें आपल्या विजेचा मोठा भाग सूर्यापासून मिळविण्याचें ठरविलें, व त्यासाठीं शेजारच्या मेरीलंड संस्थानांतील चार्ल्स कौंटींत जागा निवडण्यांत आली. अडचण अशी कीं, सूर्यपट मांडण्यासाठीं तेथील दोनशें एकरांहून अधिक जंगल तोडावें लागणार होतें. आसपासचे रहिवासी व पक्ष्यांचे अभ्यासक खवळून उठले. हवा वांचविण्यासाठीं अरण्य तोडणें हें कोणतें शहाणपण, असा त्यांचा सवाल होता. तोडलेल्या झाडांपेक्षां कितीतरी अधिक कर्बवायु ह्या विजेनें टळेल, हें योजनेच्या बाजूचें गणित. गणित चुकीचें असेलच असें नाहीं. पण जंगल म्हणजे केवळ कर्बवायूचें कोठार नव्हे. त्यांत पांखरें असतात, त्यांतून ओढे वाहतात. शेवटीं ओढ्यांनींच निकाल लावला. खालच्या प्रवाहांचें स्वच्छ पाणी गढूळ होईल ह्या कारणास्तव मेरीलंडच्या सरकारी खात्यानें ऑगस्ट २०१९ मध्यें परवानगी नाकारली.

चार्ल्स कौंटी हें नांव जॉर्जटाउनच्या इतिहासांत पूर्वीही आलेलें आहे. १८३८ सालीं मेरीलंडच्या जेसुइटांनीं आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुलें विकलीं, आणि त्या पैशाचा कांहीं भाग ह्या विद्यापीठाचें कर्ज फेडण्यांत गेला. ज्या मळ्यांवरून तीं माणसें नेलीं त्यांपैकीं एक ह्याच कौंटींत होता. आपली गंगाजळी कोठून आली, हा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांनीं अलीकडे ह्या बाबतींतही मोठ्या हिरीरीनें विचारला आहे. त्यामुळें इंधनाच्या कंपन्यांतील पैशाची चर्चा त्यांना केवळ अर्थशास्त्राची वाटली नसेल तर नवल नाहीं.

ही चर्चा तेथें बरींच वर्षें चालली. २०१५ सालीं विश्वस्तांनीं कोळशाच्या कंपन्यांत थेट गुंतवणूक न करण्याचें मान्य केलें. तेवढ्यानें विद्यार्थ्यांचें समाधान झालें नाहीं. फेब्रुवारी २०२० मध्यें विद्यार्थ्यांचें मत घेण्यांत आलें, तेव्हां दहांपैकीं जवळजवळ नऊ मतें गुंतवणूक काढून घ्यावी ह्या बाजूस पडलीं. त्याच महिन्यांत विश्वस्तांनीं निर्णय जाहीर केला: बाजारांत विकतां येण्याजोगे रोखे पांच वर्षांत व खासगी स्वरूपाची गुंतवणूक दहा वर्षांत काढून घ्यावयाची. गुंतविलेला पैसा भट्टीसारखा एका दिवसांत विझत नाहीं.

नोटर डेमपुढें आतां २०५० सालचें ध्येय आहे. तोंपर्यंत आपल्या नांवावर कर्बवायूची बाकी शून्य करावयाची, असें विद्यापीठानें ठरविलें आहे. म्हणजे नैसर्गिक वायूचीही सोय लावावी लागणार. कोळशाची भट्टी विझली त्या वर्षीं जो अठरा वर्षांचा मुलगा तळ्याकांठच्या वसतिगृहांत प्रथम राहावयास आला असेल, तो त्या सालीं एकोणपन्नास वर्षांचा होईल.