ताटाची डावी बाजू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहभोजनापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोजनापूर्वी आम्ही चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. भुकेल्या श्रोत्यांपुढे उभे राहणे हे धाडसाचे काम आहे. तेव्हा विषय तरी भोजनाचाच असावा, एवढा शहाणपणा आम्ही दाखविला आहे.

आपल्याकडे पान वाढण्याची एक रीत आहे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजव्या बाजूस भाज्या. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि तीत ढवळाढवळ करण्याची कोणाची छाती झाली नाही. गेल्या काही वर्षांत मात्र डाव्या बाजूस, चटणीच्याही पलीकडे, एक नवा पदार्थ विराजमान झाला आहे. तो डावीकडेच का, याचे उत्तर सोपे आहे. उजवा हात खरकटा असतो, तेव्हा फोन चालवावयास डावाच हात मोकळा राहतो. आपण ज्याला मोबाइल म्हणतो तो हा पदार्थ कोणी वाढीत नाही, तो आपापला आणून ठेवावयाचा असतो.

या यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही उभे राहिलो आहोत असा समज कृपया करून घेऊ नये. आमच्यासारख्या घर सोडून आलेल्या माणसाने या यंत्राला नावे ठेवणे ही कृतघ्नता होईल. आम्ही नोकरीनिमित्त उत्तरेत आलो तेव्हा गावी बोलावयाचे म्हणजे रात्री अकरानंतर एस.टी.डी.च्या बूथवर रांग लावावी लागे, कारण त्या वेळी दर उतरत. काचेच्या खोक्यात उभे राहून, समोर पळणाऱ्या आकड्यांकडे डोळे लावून आम्ही आईची प्रकृती विचारीत असू. आकडा फार पुढे गेला की प्रकृतीची चौकशी आवरती घ्यावी लागे. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. एका टोकाला कोलकात्यात मुख्यमंत्री ज्योती बसू होते, तर दुसऱ्या टोकाला दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय मंत्री सुखराम. त्या काळी आलेला फोन घ्यावयासही पैसे पडत. ते २००३ साली थांबले, आणि मग फोन खऱ्या अर्थाने घरात शिरला. तो जेवणाच्या टेबलावर केव्हा चढला, याची मात्र कोठे नोंद सापडत नाही.

आमच्या घरी तो कसा चढला हे आम्हास ठाऊक आहे, कारण तो आम्हीच चढविला. संसदेचे अधिवेशन चालू असले की केंद्रीय कार्यालयांत काय धावपळ उडते हे येथील अनेकांना सांगावयास नको. कोणत्या तरी प्रश्नाच्या उत्तराची माहिती सकाळपर्यंत हवी असते आणि त्यासाठी रात्री नऊ वाजता निरोपांवर निरोप येऊ लागतात. अशाच एका रात्री आम्ही जेवावयास बसलो होतो. आमची कन्या तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होती. ती काहीतरी बोलू लागली. आम्ही डाव्या हाताने निरोपास उत्तर लिहीत होतो. मध्येच आम्ही मान वर करून ‘हं, छान’ असे म्हटल्याचे आठवते. थोड्या वेळाने ती पान घेऊन उठली.

तीन आठवड्यांनी एका परिचित बाईंकडून आम्हास कळले की आमच्या मुलीने परीक्षेचा अर्जच भरलेला नाही. कित्येक दिवस ती वर्गात जात नव्हती. तो अभ्यास तिला झेपत नव्हता, आणि त्याहीपेक्षा नकोसा झाला होता. आम्ही संतापून घरी आलो आणि विचारले, ‘एवढी मोठी गोष्ट, आणि तू आम्हाला सांगितली नाहीस?’ ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मी सांगितलं होतं. तुम्ही छान म्हणालात.’

बंधुभगिनींनो, त्या रात्रीचा निरोप कशासंबंधी होता हे आम्ही नंतर मुद्दाम काढून पाहिले. ते काम आमच्या विभागाचे नव्हतेच. तो निरोप चुकून आम्हास आला होता.

त्या सुमारास आमच्या वाचनात मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत आली. हे गाव सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. आमचे मूळ गावही त्याच जिल्ह्यातले, म्हणून उत्सुकता अधिक. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, धडे फोनवर आले आणि मुलांच्या हाती फोन गेला. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी तो हातातून सुटेना. मुलांचे लक्ष लागत नाही, अशी शिक्षकांची तक्रार होऊ लागली. सरपंच विजय मोहिते यांनी हा प्रश्न गावापुढे मांडला. महिलांची ग्रामसभा भरली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून नियम सुरू झाला. सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरील भोंगा वाजावयाचा आणि साडेआठपर्यंत गावातील फोन व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे. प्रारंभी लोक हसले. भोंग्याने का कोठे सवय सुटते, असे त्यांना वाटले. तेव्हा आशासेविका, अंगणवाडीच्या बाई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. कायद्याच्या बडग्यापेक्षा ओळखीच्या माणसाची भीड मोठी असते, हे खेड्याला पुरते ठाऊक असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने निराळा ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी, आणि मोडल्यास दंड. हेतू चांगलाच होता यात शंका नाही. परंतु आम्हास वडगावची रीत अधिक पटते. तेथे आजोबांचा फोनही बंद होतो. बाप बोटाने पडदा सरकवीत असता त्याने मुलास ‘फोन ठेव’ म्हणणे, हे विडी ओढीत व्यसनमुक्तीवर व्याख्यान देण्यासारखे आहे. आमच्यापुरते तरी हे आम्ही कबूल करतो.

आता कोणी म्हणेल, वडगावात देऊळ आहे, भोंगा आहे, सरपंच आहे. फरीदाबादच्या गृहसंकुलात भोंगा कोणी वाजवावयाचा? शंका रास्त आहे. येथे कोणी कारखान्याच्या पाळीवरून येतो, कोणी बदरपूर ओलांडून दिल्लीहून मेट्रोने येतो, आणि चार माणसे एका वेळी घरात असणे हाच एक योग असतो. शिवाय साहेबाचा निरोप भोंग्याला जुमानीत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर असले निरोप दूर ठेवण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क कायद्याने मान्य झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. खाजगी विधेयकांचे पुढे काय होते, हे आम्ही सरकारी नोकराने आपणांस सांगणे शिष्टसंमत नव्हे.

पूर्वीच्या पंगतींचे गोडवे गाण्याचाही आमचा विचार नाही. आमचे आजोबा मुकाट्याने जेवीत. मुले बोलली तर त्यांच्या भुवया वर जात. घरातील बायका तर सर्वांचे झाल्यावर, उरल्यासुरल्यावर बसत. तेव्हा त्या जेवणात फार मोठा संवाद होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पुढे दूरचित्रवाणी आली आणि आम्ही सारे एका रांगेत, तिच्याकडे तोंड करून जेवू लागलो. फरक एवढाच की तेव्हा सारे एकाच गोष्टीकडे पाहत होतो.

तथापि आपल्यासारख्या, घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरांवर राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत जेवणाच्या वेळेला एक निराळेच महत्त्व आहे. आपली मुले दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलतात. शाळेत तेच, जिन्यात तेच, मैदानावर तेच. त्यांच्या कानावर मराठी पडते ती बहुधा ताटावर. ‘वाढ’, ‘पुरे’, ‘अर्धीच’, ‘कढी खाली सांडू नको’, अशी ती साधी मराठी असते. आपण उष्टे आणि खरकटे असा भेद करतो, येथील बोलीत दोहोंनाही जूठाच म्हणतात. हा भेद पुस्तकातून शिकविता येत नाही, तो ताट उचलतानाच कळतो. मंडळ वर्षातून दोन नाटके करील, निबंधस्पर्धा घेईल. परंतु जेवणाची ती वीस मिनिटे जर पडद्याने घेतली, तर मुलाच्या वाट्यास मराठी उरते ती गणेशोत्सवापुरती. आणि पडदा मराठी क्वचितच बोलतो.

आमच्या घरी सध्या फोन फ्रिजच्या माथ्यावर ठेवण्याचा नियम आहे. तो नियम कन्येनेच केला. ती आता मानसशास्त्राचा अभ्यास करते, आणि तो आनंदाने करते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. परंतु या नियमासही एक भगदाड आहे. आमची आई गावी असते. पावणेआठच्या सुमारास तिचा फोन येतो, आणि तिला आम्ही जेवताना दिसलो पाहिजेत. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करावयाचा, की ती तिकडून विचारते, ‘भाजी कसली केली? पोळी कोरडी दिसतीया.’ हा फोन आम्ही बंद कसा करावा?

कन्येने विचारले, ‘आजीचा फोन चालतो, तर पुण्याच्या माझ्या मैत्रिणीचा का चालू नये? तीही एकटीच जेवते.’ आम्हास उत्तर सुचले नाही. आम्ही आईला विनविले, की जेवणाच्या आधी अर्धा तास बोलत जाऊ. ती म्हणाली, ‘आधी बोलून काय करू? तुम्ही नुसते बसलेले बघायला मला फोन कशाला पाहिजे?’ वडगावची हकीकत तिच्या कानावर घातली, तेव्हा ती उत्तरली, ‘त्यांची माणसं घरात हायत, बाबा. त्यांचं बरोबर हाय.’

या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तूर्त पावणेआठला फ्रिजवरून एक फोन खाली येतो आणि आईने ‘जेवा आता’ म्हटल्यावर पुन्हा वर जातो. मैत्रिणीचा अर्ज विचाराधीन आहे.

पाने मांडून झाली असा निरोप आला आहे, आणि तो कार्यवाहांनी स्वतः येऊन, तोंडी दिला आहे. तेव्हा आम्ही येथेच थांबतो. चलावे, सावकाश होऊ द्यावे.