पंप थांबल्यानंतरचे पाणी : घरगुती मोठ्या मत्स्यालयाची गाळणी आणि नळजोडणी



घरातील मोठ्या मत्स्यालयाच्या गाळणीची चर्चा बहुधा पंपाच्या क्षमतेपासून सुरू होते आणि ताशी किती लिटर पाणी फिरते या आकड्यापाशीच थांबते. वास्तविक तिचा आरंभ पंप बंद पडल्यावर पाणी कोठे जाईल या प्रश्नापासून व्हायला हवा, आणि मत्स्यपालकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आग्रहाने मांडावयाचा मुद्दा तोच आहे. वीज केव्हाही जाऊ शकते, हे महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तरीही नळजोडणीचे आराखडे वीज सदैव राहील असे गृहीत धरूनच आखले जातात.

मोठ्या मत्स्यालयासाठी संप, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली व गाळणीचे सर्व साहित्य सामावणारी दुय्यम टाकी, ही आज सर्वमान्य रचना आहे. तिचे मूळ जुने आहे. लंडनच्या सिडनहॅम भागात 1871 मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांहून मोठा, अंधारा साठा खाली बांधून त्यातले समुद्राचे पाणी पंपाने अखंड खेळते ठेवले होते. घरगुती रचनेत मुख्य टाकीच्या काठावरून सांडणारे पाणी गुरुत्वाकर्षणाने संपमध्ये उतरते, तेथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

उदाहरणादाखल 180 सेंटिमीटर लांब, 60 रुंद व 60 उंच अशी टाकी घ्यावी, म्हणजे काठोकाठ सुमारे 648 लिटर पाणी. वीज गेली की वर पाणी नेणारी नळीच उलट दिशेने वक्रनलिकेसारखी, म्हणजे सायफनसारखी, वागू लागते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी खाली ओढत राहते. हे तोंड चालू पातळीच्या 4 सेंटिमीटर खाली असेल तर साधारण 43 लिटर पाणी उतरते; पाण्याचा प्रवाह छान दिसावा म्हणून ते 20 सेंटिमीटर खाली नेले, तर तब्बल 216 लिटर. आता 120 बाय 45 बाय 40 सेंटिमीटरच्या संपची संपूर्ण क्षमताच 216 लिटर असते, आणि तो निम्मा भरलेला असताना उरलेले शंभराहून अधिक लिटर पाणी दिवाणखान्यात पसरणार, हे साध्या गुणाकारानेच सिद्ध होते. यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु शेवाळ, वाळूचा कण किंवा छोटी गोगलगाय अडकली की त्याची झडप अर्धवट उघडी राहते, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवणे आणि पातळीच्या किंचित खाली हवा शिरण्यासाठी बारीक भोक पाडून ते नियमाने साफ ठेवणे, हाच भरवशाचा उपाय होय.

याच्या उलट अपघातही तितकाच संभवनीय आहे. खाली येणारी नळी पानाने किंवा मेलेल्या माशाने तुंबली, तर पंप संपमधील आपल्या कप्प्यातले सारे पाणी वर चढवीत राहतो. चालू पातळी व काठ यांत 3 सेंटिमीटरची जागा असेल तर वर जेमतेम 32 लिटर पाणी मावेल. तेव्हा पंपाच्या कप्प्यात उपसले जाण्याजोगे पाणी त्याहून कमीच असले पाहिजे. कप्पा लहान ठेवला की बाष्पीभवनाने तो लवकर आटतो आणि पाण्याची भर वारंवार घालावी लागते, ही गैरसोय खरी. पण ती पत्करण्यातच शहाणपण आहे. उतरणीसाठी एकाऐवजी तीन नळ्या ठेवण्याची पद्धतही याच कारणाने श्रेष्ठ ठरते : पहिली पूर्ण भरून शांतपणे वाहते व तिच्यावरील व्हॉल्व्हने प्रवाह जुळवता येतो, दुसरी उरलेली बारीक धार नेते, आणि तिसरी, तोंड थोडे उंचावर असलेली, एरवी कोरडीच राहून संकटकाळी उपयोगी पडते. जोडकामाला यूपीव्हीसी नळ्या वापराव्यात, शक्य तेथे काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड घ्यावेत, आणि पंपाजवळ युनियन, म्हणजे नळी न कापता सोडवता येणारा सांधा, अवश्य बसवावा. पितळी कॉक मात्र टाळावेत, कारण पितळेतले तांबे कोळंबी व गोगलगायींना घातक ठरते.

वीज जाण्याचा दुसरा फटका गाळणीतील जीवाणूंना बसतो. माशांच्या उत्सर्जनातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे हे जीव स्पंज व सच्छिद्र चिनीमातीच्या तुकड्यांवर वसतात. ही दोन्ही कामे एकट्याने करणारा नायट्रोस्पिरा वंशातील जीवाणू 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतूनच हाती लागला, ही या क्षेत्राला अभिमान वाटावा अशी बाब आहे. अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजनच्या रूपांतराला सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यामुळे बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर गाळणीत पाणी काही तास थांबले तरी जीवाणू गुदमरू लागतात, तर उघड्या संपमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंपसुद्धा त्यांना तगवू शकतो. हे साहित्य क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावे.

मासे सोडण्यापूर्वी संपूर्ण रचना साध्या पाण्याने चालवून पंपाचे बटण मुद्दाम बंद करावे, पाणी उतरायचे थांबेपर्यंत पाहावे, संपमधील पाणी काठाखाली राहते अशी खात्री झाल्यावर पंप पुन्हा सुरू करून स्थिरावलेल्या पातळीची रेघ पंपाच्या कप्प्यावर न पुसणाऱ्या शाईने आखावी, आणि घरातील प्रत्येकाला त्या रेघेच्या वर पाणी न भरण्याची सूचना द्यावी.