मणक्यांची तहान



काही दिवसांपूर्वी माझ्या परिचयाचे एक गृहस्थ घरी आले ते हातात पाण्याची भलीमोठी बाटली घेऊनच. खुर्चीत बसताना त्यांचा दुसरा हात कमरेवर होता. मणक्यांतल्या गाद्या पाण्याने भरलेल्या असतात, पाणी कमी पडले की त्या वाळतात आणि मग कंबर धरते, असे त्यांना कोणीतरी पटवून दिले होते. तेव्हापासून ते रोज चार-चार लिटर पाणी पीत होते. कंबर मात्र होती तशीच. “इतके पाणी पितो, ते मुरते तरी कोठे?” असा त्यांचा सवाल होता.

सवाल विनोदाने केलेला असला, तरी मला तो मार्मिक वाटला. त्यांना मिळालेल्या माहितीचा पूर्वार्ध अगदी खरा आहे. घोटाळा आहे तो उत्तरार्धात.

आपल्या कण्यातील मणक्यांच्या दरम्यान एकंदर २३ चकत्या असतात. बोलण्यात आपण त्यांनाच गादी म्हणतो. कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा या गाद्यांचा असतो. गादीच्या बाहेरच्या अंगास चिवट तंतूंची एकात एक बसविलेली कडी असतात, आणि आत शिजून निवलेल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत गर असतो. तान्ह्या मुलाच्या ठिकाणी या गरात शेकडा ८० ते ९० भाग पाणी असते. उतारवयात ते ७० च्या आसपास येते. हे पाणी धरून ठेवण्याचे काम प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू करतात, आणि वयपरत्वे घटतात ते मुख्यतः हे रेणू. मडके झिरपू लागले म्हणजे वरून कितीही पाणी ओतले तरी ते भरलेले राहत नाही, त्यातलाच हा प्रकार. जाता जाता सांगतो, ‘मणक्यात गॅप आली’ असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः घडते ते उलटेच. गादी बसते आणि मणके एकमेकांच्या जवळ येतात.

आता ही गादी पाणी पिते कशी, हे पाहू. प्रौढ माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. वरच्या व खालच्या मणक्याच्या हाडांतील रक्तातून पाणी व पोषक द्रव्ये पातळ कूर्चेतून झिरपत तिच्यापर्यंत पोचतात. दिवसभर आपण उभे असतो, बसतो, ओझी उचलतो; त्या दाबाने गादीतील पाणी थोडेथोडे बाहेर पडते. रात्री आडवे झालो की दाब उतरतो आणि गादी ते पाणी पुन्हा शोषून घेते. म्हणून आपण सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी किंचित बुटके! जोसेफ वॅस नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने ही गोष्ट मोजून लिहून ठेवली, आणि १७२४ साली ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. हा फरक उंचीच्या सुमारे शेकडा एक, म्हणजे साधारण दीड-दोन सेंटिमीटर भरतो, आणि त्यातला निम्मा भाग अंथरुणातून उठल्यावर पहिल्या तासाभरातच ओसरतो.

दाब मुळीच नसेल तर काय होते, याचे उत्तर अंतराळवीरांनी दिले आहे. तेथे त्यांची उंची काही सेंटिमीटरने वाढते. जपानचे अंतराळवीर नोरिशिगे कानाई यांनी जानेवारी २०१८ मध्ये तर आपण ९ सेंटिमीटर वाढल्याचे जाहीर केले आणि परतीच्या यानातील आसनात मावू की नाही, अशी चिंता व्यक्त केली. पुन्हा मोजता वाढ भरली अवघी दोन सेंटिमीटर, आणि बिचाऱ्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली! परंतु यातली बोधाची गोष्ट निराळीच आहे. तेथे पुष्कळांची कंबर दुखते, आणि पृथ्वीवर परतल्यावर गादी सरकण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांहून अधिक आढळले आहे. तेव्हा गादीत पाणी जितके जास्त तितकी पाठ निरोगी, असा हिशेब मांडता येत नाही.

मग बाटलीतल्या पाण्याचे काय होते? शरीरातील पाणी आणि क्षार यांचे प्रमाण मूत्रपिंडे मोठ्या काटेकोरपणे सांभाळतात. गरजेपुरते पाणी शरीर ठेवून घेते. उरलेले काही तासांत लघवीवाटे निघून जाते. ते मणक्यात जाऊन साठत नाही. तहान भागेल इतके पाणी प्यालेच पाहिजे, उन्हाळ्यात नि श्रमाच्या कामात तर अधिकच. पण तहानेपलीकडे पाणी पिऊन कंबरदुखी बरी होते, याला पुरावा नाही. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना तर असला अतिरेक अपायकारक ठरू शकतो.

खरी काळजी मला वाटते ती पहाटेच्या वेळेची. रात्रभर पाणी शोषून गादी तट्ट फुगलेली असते. अशा वेळी पुढे वाकले असता तिच्यावर पडणारा ताण दिवसातील इतर वेळेपेक्षा कितीतरी अधिक असतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जुनाट कंबरदुखी असलेल्यांना सकाळचे पहिले काही तास वाकण्याचे टाळावयास शिकविले, तेव्हा त्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले. आणि आपल्याकडे काय चालते? अंथरूण आवरणे, केर काढणे, सडासंमार्जन, आणि जेथे नळ पहाटेच येतो किंवा विहीर दूर आहे तेथे हंडे भरणे, ही सारी वाकण्याची कामे नेमकी त्याच वेळी, आणि बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला! पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन निराळे. पोटातल्या पाण्याने पाठीचे व्हायचे ते भले होवो. कमरेवरच्या पाण्याने होणारे नुकसान मात्र आपण मोजतच नाही. उठल्यावर तासभर चालतीफिरती कामे आधी करावीत, लांब दांड्याचा झाडू घ्यावा, हंडा गुडघ्यांत वाकून उचलावा, आणि शक्य तेथे तो घरातल्या पुरुषाने उचलावा. या शेवटच्या सूचनेवर पुरुष श्रोते नाराज होतील, पण त्याला इलाज नाही.

याच स्त्रियांची आणखी एक अडचण आहे. शेतावर किंवा बांधकामावर दिवसभर आडोसा मिळत नाही म्हणून कित्येकजणी जाणूनबुजून पाणीच पीत नाहीत. त्यातून मूतखडा होण्याचा आणि मूत्रमार्गाला संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि कुशीत उठणारी कळ ‘पाठ धरली’ म्हणून तेल चोळून दडपली जाते. कळ कुशीतून जांघेकडे जात असेल, सोबत थंडीताप असेल किंवा लघवी लाल होत असेल, तर ते दुखणे मणक्याचे नसून मूत्रपिंडाचे असण्याचा संभव मोठा. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, यांपैकी काही घडले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

आमच्या त्या गृहस्थांना मी विचारले, “दिवसातून बसता किती वेळ?” म्हणाले, “नऊ तास.” बाटली मेजावर हाताशी असे, त्यामुळे पाण्यासाठीही उठावे लागत नसे. मी त्यांना एवढेच सुचविले, की बाटली घरी ठेवा आणि कचेरीत दूरच्या कोपऱ्यातील माठाचे पाणी प्या, तेही एका वेळी एकच पेला. परवा ते रस्त्यात भेटले. कंबर पुरती राहिली नाही, म्हणाले. पण आता खुर्चीत बसताना हात कमरेवर जात नाही.