कर्करोगाचा फैलाव आणि संरक्षणावरील लगाम

कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. त्या गाठीतून निसटलेल्या पेशी यकृत, फुफ्फुस, हाडे अथवा मेंदू येथे जाऊन रुजल्यामुळे ते ओढवतात. वस्तुतः हा प्रवास बिकट असतो. रक्तात शिरलेल्या कर्कपेशींपैकी बहुतेक सर्व, प्रवाहाच्या माऱ्याने व पांढऱ्या पेशींच्या हल्ल्याने वाटेतच नष्ट होतात. मग उरलेल्यांना अभय कोण देते?

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासून असे प्रतिपादन केले की, कर्कपेशी हे बियाणे होय आणि ते अनुकूल जमिनीतच उगवते. शेतकऱ्याला हे सांगावयास नको! परंतु ही जमीन कशी तयार होते, याचा उलगडा होण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पांढऱ्या पेशींचा एक निराळा वर्ग दाखवून दिला. इतर संरक्षक पेशींना आवर घालणे, हे या पेशींचे काम. त्या नसतील तर शरीराचे संरक्षक दल स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते. या संशोधनाबद्दल त्यांना, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या लगामाचाच लाभ कर्करोग उठवितो. गाठ रासायनिक संदेश सोडून अशा पेशी आपल्याभोवती गोळा करते आणि मारेकरी पेशी निष्प्रभ होतात. अस्थिमज्जेतील काही अपक्व पेशीही तिच्या मदतीस येतात; त्या मारेकरी पेशींना आवश्यक असलेले आर्जिनीन हे द्रव्यच संपवून टाकतात. उंदरांवरील प्रयोगांत तर कर्कपेशी पोहोचण्यापूर्वीच अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी फुफ्फुसात ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. पॅजेट यांची जमीन ती हीच.

‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे व टॉनिके येथे का निरुपयोगी ठरतात, हे यावरून ध्यानी यावे. सैन्य पुष्कळदा असते. त्याला रोखून धरलेले असते.

हा लगाम सैल करणारे पहिले औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. काही रुग्णांना अशा औषधांनी दीर्घ आयुष्य लाभले. अनेकांना मात्र गुण येत नाही. शिवाय मोकळे सुटलेले संरक्षक दल आतडी, यकृत अथवा कंठस्थ ग्रंथीवरही हल्ला करू शकते. म्हणून हे उपचार घेणाऱ्या रुग्णास जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळविणे आवश्यक असते.